गाइडचा तास

माझी मुलगी मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा मामा, म्हणजे माझा मेहुणा, छत्रपती संभाजीनगरच्या घाटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातून, एमबीबीएस आणि पुढे एमडी झाला आणि गेली तीसेक वर्षं उस्मानपुऱ्यात दवाखाना चालवतो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. रविवारी दुपारी या दोघांची जुंपली, तेव्हा मध्ये बसून मला जेवढं कळलं तेवढं लिहितो.

निमित्त होतं आयसीएमआरच्या 'एसटीएस'चं. शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. 1979 पासून ही योजना चालू आहे. एमबीबीएस-बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातल्या एका शिक्षकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करायचा आणि अहवाल पाठवायचा. तो मान्य झाला की प्रमाणपत्र मिळतं आणि विद्यावेतनही तेव्हाच हातात पडतं. एका गाइडकडे वर्षाला एकच विद्यार्थी. इंटर्नशिप लागली की अर्ज करता येत नाही. मुलीचा विषय होता सर्पदंश: साप चावलेला माणूस दवाखान्यात किती उशिरा पोचतो आणि त्याआधी कुठे कुठे जाऊन येतो. तिने प्रोफॉर्मा, म्हणजे रुग्णांना विचारायच्या प्रश्नांचा कागद, मामापुढे ठेवला. मामाने तो वाचायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. तशी त्याची सवयच आहे.

मामा : कशाला हे? नीट-पीजीत दोनशे प्रश्न असतात. त्यातला एक तरी विचारतो का, की बाई, तू कोणतं संशोधन केलंस?

भाची : नाही विचारत.

मामा : मग?

भाची : मग काय मामा? घाबरलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं तेही नीटमध्ये नसतं. ते शिकायचंच नाही का?

मामा : ते वॉर्डात उभं राहिलं की आपोआप येतं. हे बघ, माझं भांडण संशोधनाशी नाही. प्रत्येकाने ते केलंच पाहिजे, या हट्टाशी आहे. तुमच्यातली बहुतेक मुलं दवाखाना काढणार, नाहीतर सरकारी नोकरीत जाणार. ज्याला खाज आहे तो करील. ज्याला नाही त्याच्याकडून करवून घेतलंत की काय होतं ठाऊक आहे? आमच्या काळात थिसिस टाइप करून देणाऱ्या माणसाला विषय कळत नव्हता, पण 'निष्कर्ष' या पानावर काय असतं ते तोंडपाठ होतं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, लायब्ररीत एक प्रत. ती पुन्हा उघडली असेल तर वाळवीनेच.

भाची : आता फक्त थिसिस नसतो. पीजीला लागलं की संशोधनपद्धतीचा कोर्स करावाच लागतो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा, ऑनलाइन. शिक्षकांनाही तो सक्तीचा आहे.

मामा : व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचे, परीक्षा द्यायची, सर्टिफिकेट फाइलला लावायचं. झालं संशोधन.

इथे मी तोंड घातलं. बँकेत टार्गेट आलं की खाती उघडली जातात, आणि त्यात पैसे नसतात, एवढंच म्हणालो. मामाला ते फार आवडलं. मुलीला आवडलं नाही.

भाची : बाबा, म्हणून खातीच उघडायची नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?

मामा : त्यांना नाही, मला म्हणायचंय. आणि मी हवेत बोलत नाही. डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजलंय, 2016 साली छापून आलं. 579 वैद्यकीय संस्था, 2005 ते 2014 अशी दहा वर्षं. त्यातल्या 332 संस्थांमधून या दहा वर्षांत एकही शोधनिबंध नाही. एकही! आणि वर्षाला शंभरावर निबंध काढणाऱ्या संस्था पंचवीस. देशातले चाळीस टक्के निबंध त्या पंचवीसांचे. म्हणजे करणारे करताहेतच. बाकीच्यांना कशाला घाण्याला जुंपता?

भाची : हाच आकडा मी उलटा वाचते. 332 कॉलेजांतून मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्यांना शिकवणाऱ्यांपैकी कोणीच कधी एखादा प्रश्न तडीस नेलेला नव्हता. मग मुलं काय बघून शिकणार? ज्याला खाज आहे तो करील म्हणता, पण खाज आहे हे कळायला तरी एखाद्याला करताना बघावं लागतं ना?

मामा : बावस्करांना कोणी दाखवलं होतं?

हे नाव निघणार हे मला ठाऊक होतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. मराठवाड्यातल्या डॉक्टरांना त्यांच्याबद्दल घरच्यासारखा अभिमान असतो, आणि मामाला तर जरा जास्तच. 1976 साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं घामाने भिजत, हातपाय गार पडत, फुप्फुसात पाणी होई आणि धडधाकट माणूस हृदय थकून जाई. शंभरात तीस-चाळीस दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून रात्रभर नोंदी करत. 1982 साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. हृदयाला नेमकं काय होतं याचा छडा लावत ते प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधापर्यंत पोचले. मृत्यूंचं प्रमाण पुढे शेकडा एक-दोनवर उतरलं, 2022 साली पद्मश्री मिळाली.

मामा : ना गाइड, ना विद्यावेतन, ना इंटरनेट. एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक वही. प्रश्न समोर मरत होता, म्हणून सुचला. तो कोणत्याही कोर्समध्ये शिकवता येत नाही.

भाची : प्रश्न शिकवता येत नाही, कबूल. उत्तर खरं आहे की नाही ते तपासायचं कसं, एवढं तर शिकवता येतं? तेच बावस्कर 2011 मध्ये काय करतात? 70 रुग्ण घेतात, कोणाला कोणता उपचार ते नशिबावर सोडून दोन गट पाडतात. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये येतो: दोन्ही मिळून दिलेले लवकर बरे झाले. बिरवाडीत रुजू झाल्यापासून पस्तीस वर्षांनी. स्वतःच्याच लाडक्या औषधाला कसाला लावायला पद्धत लागते, मामा. वही पुरत नाही.

मामा : पण आधी वहीच होती.

भाची : आणि जे बावस्कर झाले नाहीत त्यांच्या वह्या? तुमचीच आहे की. तुम्हीच सांगता, फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे किती पेशंट तुम्ही पाहिले, कोणाला कधी व्हेंटिलेटर लागला. कुठे आहे ते सगळं?

मामा क्षणभर थांबला. मग म्हणाला, डोक्यात आहे. तिने पुढे काही विचारलं नाही. बरं झालं, नाहीतर चहा तसाच राहिला असता.

पुढचा अर्धा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तो जरा सावकाश सांगतो. बावस्करांपुढे तिने बंगांना उभं केलं. अभय आणि राणी बंग दोघंही एमडी. गावात काम सुरू केलेलं होतं, मनात तळमळ होती, आणि तरीही 1984 मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले. परत येऊन गडचिरोलीला गेले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास आला: गावातल्याच बाईला शिकवलं तर ती घरी जाऊन नवजात बाळाला वाचवू शकते. 39 गावांत बालमृत्यू घटल्याचं नुसतं सांगून त्यांना चाललं नसतं. शेजारची 47 गावं तुलनेला ठेवली होती, म्हणूनच जगाने ऐकलं.

भाची : आणि हॉपकिन्समध्ये त्यांचे शिक्षक कोण? कार्ल टेलर. भारतातच मसुरीला जन्मलेला माणूस, पंजाबात नारंगवालला खेड्यांत काम केलेला. जामखेडचे आरोळे डॉक्टर दांपत्यही तिथूनच, त्याच टेलरांकडून शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडचा आरोग्य प्रकल्प उभा केला. जामखेड आणि गडचिरोली. दोन्हीकडे मागे एकच गुरू! याला योगायोग म्हणायचं?

मामा : म्हणजे तुलाही अमेरिकेला जायचंय.

भाची : उलट. टेलर बाल्टिमोरला भेटावा लागतो, हेच तर दुखणं आहे. तो इथे का भेटू नये?

मामा : इथेही मोठं काम झालंय, बाल्टिमोरशिवाय. तुझ्या नाकासमोर धाराशिव आहे.

धाराशिवचा हा अभ्यास मला माहीत नव्हता, आणि आसपासच्या किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करुग्णालयाने 1987 पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदणी ठेवली. ग्रामीण भारतातली ती पहिलीच. त्या पायावर बार्शीचे डॉ. भगवान नेने, कस्तुरी जयंत, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे 52 समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्याला फक्त आरोग्यशिक्षण. 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने चौथ्या गटात 64 मृत्यू, एचपीव्ही गटात 34. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही तपासणीला जे स्थान आहे, त्यामागे आपल्याच मराठवाड्यातल्या या बायका आहेत.

मामा : घरोघरी जाऊन त्यांना तयार कोणी केलं? गावातल्या कार्यकर्त्यांनी. त्यातली एकही एमबीबीएस नव्हती.

भाची : पण तिला शिकवलं होतं, मामा! काय विचारायचं, काय लिहायचं, बाई नाही म्हणाली तर काय. एमबीबीएसच्या मुलांना तेवढंसुद्धा कोणी शिकवत नाही.

मामा : आणि चौथ्या गटातल्या त्या 64 जणी? त्यांना तपासणी का दिली नाही म्हणून पुढे जगभर वाद झाला, तो वाचलास? गरीब देशातल्या बायांना नुसतं बघत बसलात, असं म्हणणारी माणसं होती. मला ते पटतं.

भाची : वाचलाय. मला अजून ठरवता येत नाही. त्या जिल्ह्यात तेव्हा कोणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणून चौथा गट म्हणजे तिथली रोजची परिस्थिती, असं करणाऱ्यांचं म्हणणं. ते खरं असलं तरी 64 हा आकडा डोक्यातून जात नाही. पण असले वाद विद्यार्थ्यांपुढे कोण मांडतो? एथिक्स कमिटी म्हणजे सही आणायची जागा, एवढंच आम्हाला ठाऊक.

यावर मामा गप्प राहिला. मला वाटतं इथे तो तिच्या बाजूला थोडा सरकला. पण कबूल करणं त्याच्या स्वभावात नाही, म्हणून त्याने विषयच बदलला.

मामा : ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते काय मग? 'तिसऱ्या लेखकाची जागा रिकामी, शुल्क अमुक'. परवा एका मुलाने मला दाखवलं. नाटकाची तिकिटं विकावीत तसं.

भाची : ते घाणच आहे. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी बायोडेटा जाड करायचा, म्हणून मुलं पैसे देतात. इकडे बढतीसाठी निबंध मोजतात, म्हणून शिक्षकही देतात. पण सगळे ऑनलाइन गट तसे नसतात. पबमेडवर निबंध कसे शोधायचे ते मला एका अशाच गटात शिकवलं, केरळातल्या एका इंटर्नने, फुकट, रात्री अकरा वाजता. आमच्याकडे विचारायला सीनिअर नव्हते. खिडकी नसली की माणूस भोकातून बघतो.

मामा : विद्यार्थ्याने शोध लावल्याचं एक तरी उदाहरण सांग. कागद नको, शोध.

तिची तयारी होती. लँगरहान्सने 1869 मध्ये स्वादुपिंडातली ती पेशींची बेटं दाखवली, तेव्हा तो बर्लिनला वैद्यकीचा विद्यार्थी होता. 1916 मध्ये जे मॅक्लीन जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसऱ्या वर्षाला होता. रक्त गोठवणारा पदार्थ शोधायला गाइडने त्याला बसवलं, आणि त्याला सापडला नेमका रक्त न गोठू देणारा. त्यातूनच पुढे हेपारिन आलं. त्याचा गाइड विल्यम हॉवेल हा रक्त गोठण्याच्या शास्त्रातला त्या काळचा मोठा माणूस. मॅक्लीनने नंतर लिहिलेल्या आठवणीनुसार त्याने तो पदार्थ मिसळलेलं मांजराच्या रक्ताचं भांडं हॉवेलपुढे ठेवलं आणि सांगितलं, हे गोठलं की मला बोलवा. हॉवेलचा आधी विश्वास बसला नाही.

मामा : पण हॉवेल तिथे होता! लँगरहान्सच्या डोक्यावर त्याचा शिक्षक विर्चो होता. तुझा हॉवेल कुठे आहे?

भाची : मी मघापासून दुसरं काय म्हणतेय?

मला हसू आलं. दोघं एकमेकांचीच बाजू मांडत होते आणि आवाज मात्र चढलेले.

मग ती तिच्या गाइडबद्दल बोलली. माणूस चांगला आहे. ओपीडी, वॉर्ड, लेक्चर, परीक्षा, कोर्टाच्या तारखा, आणि आता चेहरा दाखवून लागणारी हजेरी. अर्जावर त्यांनी सही दिली, विषयही पसंत केला. पण प्रोफॉर्मा घेऊन ती चार आठवडे जाते, आणि दरवेळी 'ठेव, बघतो'. शिक्षक कॉलेजात किती वाजता आला ते मोजलं जातं. त्याचे निबंध मोजले जातात. विद्यार्थ्याच्या समोर बसून, तिचा कच्चा कागद वाचून, 'हे असं का?' विचारण्यात गेलेला तास मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. योजना विद्यार्थ्याला पैसे देते, प्रमाणपत्र देते. त्या तासाला कोणी काही देत नाही.

भाची : तो तास कामात धरा, आठवड्याला एक, एवढंच मागणं आहे.

मामा : धरला की तोही खोटा लिहितील. 'मार्गदर्शन केले', खाली सही.

भाची : लिहितील काही जण. पण ज्यांना खरंच बसायचंय त्यांना निदान वेळ चोरावा लागणार नाही.

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी त्याने दिलं नाही. चष्मा घातला आणि प्रोफॉर्मा ओढून घेतला.

मामा : हे काय लिहिलंय? 'दंशानंतर आपण मांत्रिकाकडे गेला होतात का? होय / नाही.' सगळे नाही म्हणतील. डॉक्टरणीपुढे कोण हो म्हणेल? 'साप चावल्यावर पहिल्यांदा कोणाला बोलावलं?' असं विचार. रकाने आत ठेव, त्यांना दाखवू नको.

भाची : लिहिलं.

मामा : 'दंशाची वेळ, तास आणि मिनिटं.' शेतात घड्याळ घालून कोण निंदतं? दिवेलागण झाली होती का, रात्रीची लाइट होती का, असं विचार. आणि आले कशाने ते विचार. मोटारसायकलवर मध्ये बसवून आणतात, जीप, 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स. त्यावरून वेळ कळेल. दंश कुठे झाला, शेतात की घरात झोपेत? मण्यार झोपेत चावते, खूण दिसतही नाही. हा प्रश्न तू घातलेलाच नाहीस.

भाची : मण्यारीचा पेशंट पोटदुखी म्हणून येतो, ते वाचलं होतं. लक्षात आलं नाही.

मामा : वाचलेलं लक्षात राहत नाही. बरं, मला सांग, फक्त दवाखान्यात पोचलेल्यांनाच विचारणार ना तू? जे वाटेत गेले ते तुझ्या कागदावर येणारच नाहीत.

भाची : हो, ती मर्यादा मी लिहिलीय. म्हणून तर घरोघरच्या मृत्यूंची चौकशी करून काढलेला तो 2020 चा अभ्यास वेगळा ठरला. 2000 ते 2019 मध्ये देशात सर्पदंशाचे सुमारे बारा लाख मृत्यू. दवाखान्यांच्या नोंदीत यातले फारच थोडे. केंद्राने 2024 मध्ये कृती आराखडा काढलाय, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. पण उशीर नेमका कुठे होतो ते तालुक्या-तालुक्यात कळल्याशिवाय कसे आणणार?

मामा : हा शेवटचा प्रश्न काढून टाक. 'आधीच्या दवाखान्यात प्रतिविष उपलब्ध होतं का?' पेशंटला काय कळणार?

भाची : तो काढणार नाही. सगळा अभ्यास त्याच्यासाठीच आहे. मांत्रिकामुळे उशीर झाला असं सगळे म्हणतात. दोन दवाखान्यांनी पुढे पाठवलं म्हणून किती झाला, ते कोणीच विचारत नाही.

मामाने मान वर केली. मग हळूच म्हणाला, 'रेफर चिठ्ठी बघ. त्यावर लिहिलेलं असतं, काय दिलं, किती व्हायल दिल्या, किती वाजता पुढे पाठवलं. पेशंटला विचारू नको. चिठ्ठीचा फोटो घे.'

भाची : फोटो नाही घेता येणार. एथिक्स कमिटीला दिलेल्या अर्जात फक्त मुलाखत लिहिलीय.

मामा : मग नावं झाकून चिठ्ठीतली माहिती उतरवून घेणार, असा दुरुस्ती अर्ज दे. आजच लिही, मी बघतो.

भाची : त्यावर गाइडची सही लागते. सर गुरुवारनंतर भेटतात.